चिकसॉंच्या मुलखात तीन दिवस : तिशोमिंगो, एमेट आणि सल्फर

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ओक्लाहोमा म्हटलं की विनस्टार आठवतं. राज्याची हद्द ओलांडली की लागणारा तो अवाढव्य कसिनो चिकसॉ नेशनचा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीचा आहे, एवढं मलाही बारा वर्षं माहीत होतं. पण हे चिकसॉ कोण, मूळचे कुठले, आणि त्यांच्या नावापुढे 'नेशन' का लागतं, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

यंदा आई सहा महिन्यांसाठी आली होती. न्यूयॉर्क, नायगारा मागच्या खेपेला झालेलं. मार्चच्या मध्यावर लेकीला शाळेची सुट्टी लागली तेव्हा आई म्हणाली, "मला आता मॉल नको, उंच बिल्डिंगा नकोत. एखादं गाव दाखव इथलं." आई पाटण तालुक्यातली. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं आणि सगळे खाली सांगली जिल्ह्यात आले. तिच्या तोंडी 'गाव' हा शब्द आला की आम्ही घरातले सगळे जरा थांबून ऐकतो. नवऱ्याने नकाशा काढला आणि दोन तासांच्या अंतरावर तिशोमिंगो सापडलं. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आणि चिकसॉंची जुनी राजधानी.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी नऊला निघालो. रेड रिव्हरचं पाणी खरोखरच गेरू कालवल्यासारखं दिसतं. ड्युरंट हे शेजारच्या चॉक्टॉ नेशनचं मुख्य ठिकाण. ते मागे टाकून 78 नंबरच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने लेक ओरडली, "आजी, पाटी बघ!" आपण चिकसॉ नेशनमध्ये प्रवेश करत आहात, असं सांगणारी पाटी. मग गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'चिकसॉ नेशन' दिसू लागलं आणि लेकीला मोजायला खेळच मिळाला.

ती पाटी शोभेची नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मस्कोगी क्रीक या अशाच दुसऱ्या जमातीचं राखीव क्षेत्र कायद्याने कधी रद्द झालेलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने चिकसॉंच्या बाबतीतही तेच मान्य केलं. शंभराहून जास्त वर्षं सगळे समजत होते की तो देश संपला. कागदावर तो संपलेला नव्हता.

वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक झाड फुललं होतं. पान एक नाही आणि फांद्या गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडलेल्या. आईने गाडी थांबवायला लावली. फूल हातात घेऊन म्हणाली, "हा आपल्या कांचनाच्या घरातला दिसतोय." मी फोनवर शोधलं. याला रेडबड म्हणतात, ओक्लाहोमाचं राज्यवृक्ष, आणि हा खरोखरच कांचनाच्या कुळातला आहे. आईला मी काही न बोलता फोनच दाखवला.

फोर्ट वॉशिटाला तासभर थांबलो. 1842 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने बांधलेला हा किल्ला म्हणजे आता मोकळं गवत आणि दगडी भिंतींचे अवशेष. चिकसॉंना त्यांच्या मूळ मुलखातून, म्हणजे आजच्या उत्तर मिसिसिपी आणि आसपासच्या भागातून, 1837 पासून इकडे आणलं, पण नेमून दिलेल्या पश्चिमेकडच्या भागात मैदानी टोळ्यांचे हल्ले होत. म्हणून बरीच कुटुंबं चॉक्टॉंच्या वस्तीतच अडकून पडली होती. त्यांना त्यांच्या जमिनीवर जाता यावं म्हणून हा किल्ला. वारा इतका होता की आईने पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला तो गाडीत बसेपर्यंत.

तिशोमिंगोत पोचलो तेव्हा चार वाजले होते. गावाचं नाव एका चिकसॉ पुढाऱ्याचं. त्याने हयातभर आपल्या लोकांची बाजू मांडली आणि म्हातारपणी तोही या देशोधडीत सापडला. मेन स्ट्रीट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दहा मिनिटांत चालून होतो. गावाला लागून पेनिंग्टन क्रीक वाहते. गुलाबी ग्रॅनाइटच्या खडकांवरून स्वच्छ पाणी, तळाचा खडा दिसेल असं. एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. आईने त्यांना हात जोडले. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "चोकमा." चिकसॉ भाषेत याचा अर्थ 'छान, बरं'. कुणी भेटलं तरी हेच म्हणतात. आईने तो शब्द तिथल्या तिथे उचलला आणि पुढचे दोन दिवस पेट्रोलपंपावरच्या मुलीपासून सगळ्यांना 'चोकमा' केलं. एकानेही परत उत्तर न देता सोडलं नाही.

रात्री मक्याच्या पिठात घोळवून तळलेला कॅटफिश खाल्ला. आमच्याकडे बोंबील जसे कुरकुरीत करतात तसाच, फक्त रव्याच्या जागी मका. आईला शुक्रवार चालतो, तिने दोन तुकडे घेतले.

जाणाऱ्यांसाठी: रस्ता उत्तम आहे, पण ड्युरंट सोडल्यावर पेट्रोल आणि किराणा यांची दुकानं विरळ होत जातात. लहान गावांत शिरताना वेगमर्यादा एकदम खाली येते, तिकडे लक्ष ठेवा. राहायला तिशोमिंगोत मोजकी ठिकाणं आहेत. आधी आरक्षण करा, विशेषतः ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कारण तेव्हा चिकसॉ नेशनची वार्षिक सभा आणि उत्सव इथे भरतो.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी कॅपिटॉल, म्हणजे चिकसॉंच्या जुन्या सरकारचं मुख्य भवन. टेकाडावर उभी असलेली, जवळच्याच खाणीतल्या ग्रॅनाइटची इमारत, वर घुमटी. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या जुन्या संस्थानाच्या कचेरीएवढी. ऊन पडलं होतं आणि दगडात अभ्रकाचे कण चमकत होते. लेक भिंतीला हात लावून म्हणाली, "गरम आहे." मीही लावला. तळहाताला खरखर जाणवत होती, छिन्नीचे घाव अजून बोथटलेले नाहीत.

ही इमारत 1898 मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कर्टिस कायदा केला आणि चिकसॉंची न्यायालयं बंद करून टाकली. म्हणजे लोक दगड घडवत होते तेव्हा त्यांचं राज्य मोडण्याचा कायदा लिहिला जात होता. त्यांना ते कळत नव्हतं असं मुळीच नाही. जमातींची सामाईक जमीन तोडून माणशी वाटायला नेमलेल्या डॉझ आयोगाची माणसं तेव्हा मुलखात फिरत होती. तरी त्यांनी लाकडाची नाही, ग्रॅनाइटची राजधानी बांधली. मला त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर हेच सगळ्यात मोठं वाटलं.

1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि पुढे ही इमारत जॉन्स्टन काउंटीचं कोर्ट बनली. चिकसॉंच्या विधिमंडळाच्या जागेत अनेक दशकं काउंटीचे दावे चालले. 1992 मध्ये चिकसॉ नेशनने ती परत घेतली.

तिथून चालत काउन्सिल हाउस म्युझियमला गेलो. आत एका मोठ्या दालनात एक छोटं लाकडी घर जसंच्या तसं ठेवलंय. ओंडक्यांवर ओंडके रचलेलं, आपल्याकडच्या गोठ्यापेक्षा फार मोठं नाही. इंडियन टेरिटरीतलं, म्हणजे पूर्वेकडून हलवलेल्या जमातींना नेमून दिलेल्या या मुलखातलं, हे चिकसॉंचं पहिलं सभागृह. 1855 च्या तहाने ते चॉक्टॉंपासून वेगळे झाले, 1856 मध्ये त्यांनी इथे आपली राज्यघटना लिहिली आणि सायरस हॅरिस यांना पहिला गव्हर्नर निवडलं.

इथे आम्हाला एक वयस्कर बाई भेटल्या. त्या तिथे काम करतात आणि स्वतः चिकसॉ आहेत. आईला त्यांनी खुर्ची आणून दिली आणि आमची सकाळ तिथेच गेली. त्या सांगत, मी आईला मराठीत सांगत असे, आई विचारत असे, आणि हळूहळू मला मधे बोलायची गरज कमी पडू लागली.

1832 मध्ये पाँटोटॉक क्रीकच्या तहाने चिकसॉंनी मिसिसिपी नदीच्या पूर्वेचा आपला सगळा मुलूख दिला. साठ लाख एकरांहून अधिक. करार असा की जमीन विकून येणारा पैसा त्यांच्या नावे जमा होईल आणि ते पश्चिमेला नवी जागा शोधतील. जागा मिळाली नाही. शेवटी 1837 च्या जानेवारीत डोक्सव्हिलला चॉक्टॉंशी करार झाला आणि चॉक्टॉंच्याच मुलखाचा पश्चिम भाग 5,30,000 डॉलरला मिळाला. त्या उन्हाळ्यात मेम्फिसजवळ माणसं गोळा करून नदीपार नेली. नोंदीत सुमारे 4,900 चिकसॉ आहेत आणि त्यांच्यासोबत 1,100 हून अधिक कृष्णवर्णीय गुलाम. या स्थलांतराचा खर्च चिकसॉंच्याच पैशांतून वळता केला गेला. बोटींचं भाडं, बैलगाड्या, शिधा, सगळं. वाटेत आणि पोचल्यावर देवीच्या साथीने शेकडो माणसं गेली.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे घालवलं तेही यांच्याच पैशानं."

मी सांगितलं तशा त्या बाई मान हलवत राहिल्या. मग त्यांनी आईला विचारलं, तुमचं गाव कुठलं? आईने सांगितलं. धरण, पाणी, बैलगाड्या, नवीन ठिकाणची काळी जमीन आणि तिथल्या लोकांची पहिली वर्षं. बाईंनी विचारलं, "गावाची कुठली आठवण तुम्ही जवळ ठेवलीय?" आई म्हणाली, "गट नंबर. वडिलांनी पाठ करून घेतला होता." आणि तिने तो म्हणून दाखवला.

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनीही एक आकडा म्हणून दाखवला. तो त्यांच्या आजीचा डॉझ रोलवरचा नंबर होता. 1900 च्या आसपास सरकारने प्रत्येक चिकसॉ माणसाचं नाव यादीत घातलं आणि सामाईक जमीन तोडून माणशी वाटली. साधारण प्रतीची असेल तर 320 एकर. त्या यादीतल्या पूर्वजापासून वंश दाखवता आला की आजही चिकसॉ नागरिकत्व मिळतं. ज्या यादीने त्यांची जमीन फुटली, तीच यादी आज कोण आपला हे सांगते. आम्ही निघालो तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले होते आणि त्यात भाषेचा काही प्रश्न नव्हता.

एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या 1,100 माणसांचं आणि त्यांच्या वंशजांचं काय झालं? यादवी युद्धात चिकसॉंनी दक्षिणेची बाजू घेतली. 1866 च्या तहानंतर गुलाम मुक्त झाले, पण चिकसॉ नेशनने त्यांना शेवटपर्यंत नागरिक करून घेतलं नाही. वाटणीत त्यांच्या वाट्याला आली ती माणशी 40 एकर. त्यांची नावं वेगळ्या यादीत आहेत आणि त्या यादीवरून आज नागरिकत्व मिळत नाही. ज्यांना घालवलं त्यांचं दुःख मोठं आहे, पण त्यांनी ज्यांना सोबत ओढत आणलं त्यांचं दुःख त्यामुळे लहान होत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा भागही मुलांना सांगावा.

दुपारी चिकसॉ व्हाइट हाउस बघायला एमेटला निघालो. ज्याला आपण गाव म्हणू असं एमेटमध्ये आज फारसं उरलेलं नाही. विखुरलेली घरं, गुरांची कुरणं, पेकनची झाडं. मिलबर्नच्या पुढे फोनची रेंज गेली, नकाशा गोठला आणि आम्ही एका खडीच्या रस्त्यावर भलतीकडे गेलो. समोर फाटक आणि पलीकडे गुरं. इतक्यात मागून एक पिकअप आली. शेतकरी खाली उतरला, पन्नाशीचा असेल, बुटांवर चिखल. व्हाइट हाउस शोधतोय म्हटल्यावर हसून म्हणाला, "वॉशिंग्टनचं नसेल तर माझ्या मागे या." आणि आपलं काम टाकून पाच-सहा मैल आमच्या पुढे गाडी चालवत आला.

चिकसॉ व्हाइट हाउस म्हणजे माळावर मध्येच उभं राहिलेलं पांढरं लाकडी घर. ओसरी भोवतीने फिरलेली, कलाकुसरीच्या लाकडी जाळ्या. 1895 मध्ये बांधलेलं. 1898 मध्ये डग्लस जॉन्स्टन गव्हर्नर झाले आणि चिकसॉंचा कारभार या घरातून होऊ लागला. याच घरात 1899 मध्ये त्यांच्या भाचीचं लग्न विल्यम मरे या वकिलाशी झालं. 1905 मध्ये चिकसॉ आणि चॉक्टॉ धरून पाच जमातींनी मिळून 'सिक्वोया' नावाचं आपलं वेगळं राज्य मागितलं त्या परिषदेत मरे चिकसॉंच्या बाजूने होते. वॉशिंग्टनने ती मागणी फेटाळली. पुढच्या वर्षी ओक्लाहोमाची घटना लिहायला जी परिषद बसली तिचे अध्यक्ष हेच मरे, आणि 1931 मध्ये ते राज्याचे गव्हर्नरही झाले.

जॉन्स्टन यांची गोष्ट मला जास्त लागून राहिली. 1906 नंतर चिकसॉंना आपला गव्हर्नर निवडता येईना, अमेरिकेचे अध्यक्ष तो नेमू लागले. जॉन्स्टन 1939 मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिले. विधिमंडळ नाही, न्यायालय नाही, राजधानीत काउंटीचं कोर्ट, आणि एक माणूस जमातीचे हक्काचे पैसे मिळवण्यासाठी वॉशिंग्टनच्या खेपा घालतोय. त्यांच्यानंतर पुन्हा स्वतःच्या मतांनी गव्हर्नर निवडायला 1971 साल उजाडलं.

याच एमेटमध्ये, ज्या वर्षी हे घर बांधलं त्याच वर्षी, मेरी थॉम्पसन नावाची मुलगी जन्मली. वडील चिकसॉ नेशनचे खजिनदार. ती पुढे 'ते आता' या नावाने जगभर गेली. उभं राहून, हातात ढोल घेऊन गोष्टी सांगायची. चिकसॉंच्या आणि इतर जमातींच्या. 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्टसमोर वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये, 1939 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला इंग्लंडच्या राजाराणीसमोर. कीर्तनकार म्हटलं की आपल्याला जे समजतं, त्याच्या जवळ जाणारं हे काम. शंभराव्या वाढदिवसाला सव्वा महिना कमी असताना 1995 मध्ये ती गेली. ज्या पिढीच्या मुलांना शाळेत मातृभाषा बोलायची बंदी होती, त्या पिढीतली ही बाई त्याच परंपरेच्या गोष्टी घेऊन राजासमोर उभी राहिली. ओसरीच्या पायरीवर बसून मी लेकीला हे सांगितलं. तिने विचारलं, "तिला कुठली गोष्ट सांगितली असेल तिच्या बाबांनी?" बापाने गोष्टी सांगितल्याशिवाय मुलगी अशी होत नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं.

जाणाऱ्यांसाठी: एमेटचं घर रोज उघडं असेल असं धरून चालू नका, आधी फोन करून वेळ विचारा. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. उंच गवतात शिरलात तर रात्री अंगावर गोचीड नाही ना हे बघा, विशेषतः मुलांच्या कानामागे.

त्या रात्री साडेदहाला चौघांचे फोन एकदम किंचाळले. वादळाचा इशारा. खिडक्यांपासून लांब, बाथरूममध्ये उशा घेऊन बसलो. गारांचा आवाज पत्र्यावर मूठ मूठ शेंगदाणे फेकावेत तसा सुरू झाला आणि वाढत गेला. आईने रामरक्षा सुरू केली, लेकीला अर्धी येते, तीही म्हणू लागली. अर्ध्या तासाने सगळं शांत. बाहेर गवतावर हरभऱ्याएवढ्या गारा पसरलेल्या आणि आकाश धुतल्यासारखं, चांदण्यांनी भरलेलं.

तिसरा दिवस, रविवार

सल्फर इथून पाऊण तासावर. गावात शिरताच मोकळे चौकोन दिसू लागले, जिथे दुकानं होती. 27 एप्रिल 2024 च्या रात्रीच्या चक्रीवादळाने या गावाचा मध्य उद्ध्वस्त केला. आदल्या रात्रीच्या अर्ध्या तासानंतर ते मोकळे चौकोन बघताना कुणीच काही बोललं नाही.

चिकसॉ कल्चरल सेंटर 2010 मध्ये सुरू झालं. कसिनोचा पैसा कुठे जातो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी इथे यावं. प्रदर्शनं उत्तम आहेत, पण मी वाचकांना सांगेन की वेळ कमी असेल तर आधी 'चिकश्श इंचोक्क', म्हणजे बाहेरच्या जुन्या पद्धतीच्या गावात जा. सभाघर, हिवाळ्याचं मातीने लिंपलेलं गोल घर, उन्हाळ्याचं हवेशीर घर, धान्याची उंच कणगी. लिंपणाचा वास घेतला आणि आई त्या हिवाळी घरातून बाहेरच येईना.

एका घराशेजारी उखळ होतं. झाडाच्या उभ्या ओंडक्याला वरून कोरलेलं, शेजारी मुसळ. तिथल्या तरुण मुलीने मका कसा कांडतात ते दाखवलं. आईने विचारलं, मी करू? मुसळ हातात घेतलं आणि थबकली. "अगं, हे उलटं धरलंय हिनं." उलटं नव्हतं. त्यांच्या मुसळाचं जाड, जड टोक वर असतं आणि बारीक टोक खाली, म्हणजे वरचं वजन घाव घालतं आणि हाताला फक्त दिशा द्यावी लागते. आपल्या मुसळाच्या खालच्या टोकाला लोखंडी कडं असतं. आईने दोन-तीन घाव चुकवले, मग तिला ताल सापडला. पाच मिनिटं थांबली नाही. मका फुटायला लागला तशी ती मुलगी म्हणाली, आता पाखडायचं. तिने वेताचं सपाट सूप पुढे केलं. आईने ते तिच्या हातातून घेतलं आणि पाखडलं, तिला शिकवायची गरज नव्हती. कोंडा वाऱ्यावर गेला आणि सुपात पिवळ्या-पांढऱ्या कण्या राहिल्या.

त्या कण्यांचंच 'पशोफा'. सेंटरच्या उपाहारगृहात तो मिळतो. फोडलेला मका आणि डुकराचं मांस तासन्तास शिजवलेलं, वर फक्त मीठ. पूर्वी कुणी आजारी पडलं की गाव जमून नाचायचं आणि मोठ्या भांड्यातला पशोफा सगळ्यांनी मिळून खायचा, हा उपचाराचाच भाग होता. आई डुकराचं खात नाही. तिने वाटी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "कण्याच. ताक घालून केल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या." चव खरोखर तशीच. सौम्य, पोटाला आधार देणारी, तापातून उठल्यावर खावी अशी. लेकीला मात्र द्राक्षाच्या रसात शिजवलेले कणकेचे तुकडे आवडले. जांभळी, गोड वरणफळंच म्हणा. शाकाहारी मंडळींनी मागवण्याआधी प्रत्येक पदार्थाचं विचारून घ्यावं, घेवड्यातही मांस असू शकतं.

दुपारी स्टॉम्प डान्स झाला. बायकांच्या पोटऱ्यांना कासवाच्या पाठींचे, आत खडे भरलेले खुळखुळे बांधलेले. पुरुष गातात, पण ताल बायकांच्या पायांतून येतो. शेवटी पाहुण्यांनाही रिंगणात घेतलं. आई गेली. फुगडीचे पाय आहेत तिचे, चुकले नाहीत.

भाषेचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. चिकसॉ सहज बोलणारी माणसं आता फारच थोडी उरली आहेत, बहुतेक वयस्कर. फक्त चिकसॉच येणारी शेवटची व्यक्ती, एमिली जॉन्सन डिकरसन, 30 डिसेंबर 2013 ला गेली, 93 वर्षांची होती. नेशनने 2007 पासून भाषा जगवण्याचा कार्यक्रम चालवलाय. मी एक वाक्य शिकून आले: ओफिअत कोविअं ल्हियोह्ली. ओफि म्हणजे कुत्रा, कोवि म्हणजे मांजर, आणि शेवटचा शब्द म्हणजे 'पाठलाग करतोय'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. करणाऱ्याला 'अत' लागतं आणि ज्याच्यावर क्रिया होते त्याचा शेवट अनुस्वाराने होतो. इंग्रजी माणसाला हे अवघड वाटेल, लेकीला दोन मिनिटांत आलं. कारण तिने आधी मराठीतला कुत्रा आणि मराठीतलं मांजर डोक्यात मांडलं. मराठी तिला कशाला हवी, असं मला अधूनमधून विचारलं जातं. हे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

परतताना व्हेंडोम विहिरीपाशी थांबलो. 1922 मध्ये खणलेला हा आर्टेशियन झरा आपोआप उसळत असतो आणि गंधकाचा वास रस्त्यापर्यंत येतो. आईला कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची आठवण झाली, पण हात घातला तर पाणी गार. या झऱ्यांभोवतीचे 640 एकर चिकसॉ आणि चॉक्टॉंनी 1902 च्या करारात अमेरिकेला विकले, कारण खासगी हॉटेलवाल्यांनी झरे गिळण्यापेक्षा ते सरकारकडे सगळ्यांसाठी राहिलेले बरे. 1906 मध्ये तिथे प्लॅट नॅशनल पार्क झालं आणि 1976 मध्ये त्याचं नाव चिकसॉ नॅशनल रिक्रिएशन एरिया. ट्रॅव्हर्टाइन क्रीकच्या काठाने अर्धा तास तरी चालाच, पोहायचे कपडे असले तर आणखी छान. आमच्याकडे नव्हते, लेक कपड्यांसकट उतरली.

संध्याकाळी आय-35 ने खाली येताना विनस्टारचे दिवे लांबून दिसले. मागच्या सीटवर आई लेकीला सांगत होती: आधी पाटलांचं घर, मग आमचं, मध्ये खळं, खळ्याच्या पलीकडे सुतार, मग चिंच, चिंचेखाली मारुती. लेकीने म्युझियमचं माहितीपत्रक उलटं करून त्यावर चौकोन काढायला घेतले होते. "आजी, थांब ना, सुताराच्या दारातून नदी कुठल्या बाजूला?" आईने डोळे मिटले आणि डावा हात खिडकीकडे केला.